चोवीस वर्षं आणि चार गाणी

पिंक फ्लॉइड परत एकत्र वाजवणार ही बातमी कानावर आली तेव्हा मी ईस्ट हॅममधल्या एका भाड्याच्या घरात खिचडी ढवळत होतो. साल २००५, महिना जून. कंपनीने सहा महिन्यांसाठी लंडनला पाठवलं होतं आणि आम्ही चौघं एका घरात राहत होतो. दोन तेलुगू, एक पंजाबी आणि मी. टीव्हीवरचा बाई-बुवांचा संवाद कोणी ऐकत नव्हतं. आणि अचानक ती चार नावं एकापाठोपाठ एक आली. वॉटर्स, गिल्मर, राइट, मेसन. २ जुलैला, हाइड पार्कात, बॉब गेल्डॉफच्या लाइव्ह एटमध्ये.

मी बाहेरच्या खोलीत जाऊन टीव्हीसमोर उभा राहिलो. मागे खिचडी खाली लागली.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. (माहीतगारांनी पुढचे दोन परिच्छेद सोडले तरी चालतील.) पिंक फ्लॉइड सुरू झाला सिड बॅरेट नावाच्या पोराच्या डोक्यातून. १९६८ पर्यंत त्याचं ते डोकंच ठिकाणावर राहिलं नाही आणि बाकीच्यांनी त्याला मागे सोडलं. त्याच्या जागी गिल्मर आला. मग १९७३ चा 'डार्क साइड ऑफ द मून', १९७५ चा 'विश यू वेअर हिअर', १९७९ चा 'द वॉल'. शब्द बहुतेक वॉटर्सचे, गिटार आणि गळा गिल्मरचा. पुढे वॉटर्सचा शब्द हाच कायदा व्हायला लागला. 'द वॉल'च्या वेळी त्याने राइटला बँडमधून काढलं, आणि त्याच राइटला कार्यक्रमांत पगारी वादक म्हणून ठेवलं. गंमत म्हणजे ते कार्यक्रम तोट्यात गेले. तो तोटा बाकीच्या तिघांनी सोसला, आणि पैसे कमावले ते एकट्या पगारी राइटने!

१९८५ साली वॉटर्स बाहेर पडला. तो म्हणाला, मी नाही म्हणजे हा बँड संपला, हे नाव आता कोणी वापरायचं नाही. गिल्मर आणि मेसन म्हणाले, आम्ही वापरणार. प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी १९८७ च्या डिसेंबरात, थेम्स नदीवरच्या गिल्मरच्या घर-होडीत बसून, त्यांनी तडजोडीवर सह्या केल्या. नाव गिल्मरकडे राहिलं, 'द वॉल' वॉटर्सकडे. आपल्याकडे वडिलोपार्जित वाड्याच्या मधोमध भिंत घालतात ना, तसंच. चौघं शेवटचे एका स्टेजवर होते ते जून १९८१ मध्ये, लंडनच्या अर्ल्स कोर्टात. त्याला चोवीस वर्षं झाली होती.

आता माझ्याकडे वळतो.

मला हे सगळं दिलं ते माझ्या रूममेटने. पुण्यात इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलला आम्ही चार वर्षं एका खोलीत होतो. व. पुं.ची 'पार्टनर' दोघांनीही वाचलेली, त्यामुळे पहिल्याच महिन्यात आम्ही एकमेकांना पार्टनर म्हणायला लागलो ते कायमचं. (त्या काळी प्रत्येक हॉस्टेलात अशी एक तरी जोडी असायची. आज सांगताना जरा लाज वाटते, पण असो.) तो ठाण्याचा, मी साताऱ्याचा. तो घरी तबला शिकलेला. मी काहीच शिकलेला नव्हतो. त्याच्याकडे एक वॉकमन होता आणि एकच इअरफोन. रात्री मेस बंद झाली की आम्ही गच्चीवर जायचो. डावा कान त्याचा, उजवा माझा.

ज्यांनी 'मनी' ऐकलंय त्यांना कळेल मी काय म्हणतोय ते. त्या गाण्याच्या सुरुवातीला नाणी खणखणतात, गल्ल्याचा खण उघडतो, कागद फाटतो, आणि हे सगळं डावीकडून उजवीकडे फिरत असतं. आम्हाला एकेकच कान मिळाल्यामुळे त्याला अर्धी नाणी ऐकू यायची आणि मला उरलेली अर्धी. कितीतरी महिने मला वाटत होतं की गाणं तेवढंच आहे. एकदा तो गावी गेलेला असताना दोन्ही बोंडं कानात घातली आणि मी उडालोच.

त्यानेच मला दाखवलं की ते गाणं सात मात्रांत आहे. गच्चीच्या कठड्यावर बोटांनी तो ती ती ना, धी ना, धी ना असा रूपक धरायचा. "बघ, गोरे रूपकात वाजवतायत!" गिल्मरचा सोलो सुरू झाला की गाणं साध्या चार मात्रांवर येतं, तिथे तो हात झटकून म्हणायचा, "तुझ्या माणसाला झेपलं नाही बघ." कारण मी गिल्मरच्या बाजूचा, तो वॉटर्सच्या. त्याचं म्हणणं, शब्द ज्याचे बँड त्याचा. माझं म्हणणं, शब्द काय कोणीही लिहील, तो सूर आणून दाखव. आम्ही हॉस्टेलात असताना, १९९४ साली, 'डिव्हिजन बेल' आला. वॉटर्सविना. मी मुंबईला ऱ्हिदम हाउसमधून कॅसेट आणली. पार्टनरने ती एकदा ऐकली, म्हणाला, "छान आहे. पण फ्लॉइड नाही." दोन दिवस आम्ही बोलत नव्हतो.

कॉलेज संपल्यावर १९९८ साली आम्ही ठाण्यात स्टेशनजवळ कॉम्प्युटर क्लास काढला. तेव्हा गल्लोगल्ली निघत होते तसाच. भाड्याची जागा, आठ कॉम्प्युटर, त्यातले पाच कर्जावर. क्लासचं नाव दोघांच्या नावांची पहिली अक्षरं जोडून केलेलं. निळ्या बोर्डावर पिवळी अक्षरं, पार्टनरने स्वतः उभं राहून पेंटरकडून रंगवून घेतलेली. दोन वर्षं झकास गेली. वायटूके, अमेरिका, पोरांची रीघ. २००१ उजाडलं आणि सगळं थंडावलं. त्याच सुमाराला मला एका कंपनीची ऑफर आली. मी घेतली.

इथपर्यंत ठीक. नोकरी कोण घेत नाही? पण मी त्याला काय सांगितलं ते मला अजून आठवतं. मी म्हणालो, "हे आता संपलंय रे. तूही बंद कर. बोर्ड काढून टाक, त्यात माझं नाव आहे." तो म्हणाला, "मी चालवतो." मी डिपॉझिटमधला माझा अर्धा हिस्सा मागितला, पंचेचाळीस हजार. त्याने सहा महिने मागितले. कॉम्प्युटरचं कर्ज त्याच्या वडिलांच्या नावावर होतं हे मला माहीत होतं. माझे एक मामा वकील आहेत. मी त्यांच्याकडून नोटीस पाठवली.

पंधरा दिवसांत पैसे आले. चेक पोस्टाने आला, आत चिठ्ठी नव्हती. त्यानंतर आम्ही बोललो नाही. इकडून तिकडून कळायचं. बोर्ड तसाच होता. क्लास अजून दोन वर्षं रखडत चालला, मग बंद पडला. नंतर तो एका कॉल सेंटरमध्ये रात्रपाळीला लागला.

तर २००५ च्या जूनमध्ये ही बातमी आली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की हे पार्टनरला सांगायला पाहिजे. आणि दुसरा असा की, ते आता शक्य नाही.

पुढचे दोन-तीन आठवडे जो भेटेल त्याचं या विषयावर काहीतरी मत होतं. आमच्या ऑफिसात पन्नाशीचा एक इंग्रज होता. त्याने १९८० साली अर्ल्स कोर्टात 'द वॉल' पाहिला होता. बँड वाजवत असताना कामगार पुठ्ठ्याच्या विटांची भिंत रचत जातात, बँड तिच्याआड नाहीसा होतो, आणि शेवटी ती भिंत कोसळते. मला वाटलं हा माणूस आनंदाने नाचेल. तो म्हणाला, मी बघणारच नाही. माझ्या डोक्यात ते तिशीतले आहेत, ते तसेच राहू देत. दुसऱ्या एकाला ढोंग वाटत होतं. म्हणे, आफ्रिकेच्या नावाखाली आता रेकॉर्डी खपवतील. तिसऱ्याला हा वर्षभराच्या जगदौऱ्याचा नारळ फुटल्याचा आनंद. आणि सगळ्यांत जास्त होते ते आमच्यासारखे गटबाज. गिल्मरवाले म्हणत होते की वॉटर्सला कशाला परत घेतला, आणि वॉटर्सवाले म्हणत होते की याला गरज काय त्यांच्याकडे जायची.

खरं तर आधी गिल्मर नाहीच म्हणाला होता. गेल्डॉफने मागे लागून पाहिलं, जमलं नाही. (हा गेल्डॉफ म्हणजे १९८२ च्या 'द वॉल' सिनेमातला नायक. म्हणजे तोही घरचाच म्हणायचा.) मग मेसनमार्फत गोष्ट वॉटर्सपर्यंत गेली, आणि वॉटर्सने स्वतः गिल्मरला फोन केला. ज्याने 'हे संपलंय' म्हणून कोर्ट गाठलं होतं, त्यानेच फोन उचलला. हे मी तेव्हा वाचलं आणि पुढे सरकलो. त्याचा अर्थ डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला.

कार्यक्रम फुकट होता, पण तिकिटं मोबाइलवरून मेसेज पाठवून सोडतीत मिळायची. दीड पौंडाचा एक मेसेज. वीस लाखांवर लोकांनी नशीब आजमावलं म्हणे. ज्यांना मिळाली त्यांतल्या काहींनी ती ईबेवर विकायला काढली. गेल्डॉफ खवळला आणि शेवटी ईबेला ती विक्री थांबवावी लागली. माझ्या वाट्याला अर्थातच काही आलं नाही. ईस्ट हॅमहून हाइड पार्क रेल्वेने तासाभराच्या आत, पण मला मात्र ते टीव्हीवरच बघायचं होतं.

शनिवार होता. दुपारी मॅकार्टनी आणि यूटूने सुरुवात केली. मग एकामागून एक येतच राहिले. कार्यक्रम इतका लांबला की घरातले दोघे झोपून गेले. पंजाबी तेवढा सोबतीला होता. रात्री अकराच्या सुमाराला 'द हू' आटोपले, दिवे मंदावले, आणि ते ठोके ऐकू आले. हृदयाचे ठोके. 'डार्क साइड'ची सुरुवात.

पंजाबी म्हणाला, "ये अंकल लोग कौन हैं?"

चुकीचं नव्हतं. चौघंही साठीच्या आसपास. गिल्मरचं पोट सुटलेलं, केस गेलेले. राइट कीबोर्डमागे बारीकसा, जणू याही वेळी कोणीतरी उठवेल अशा बेताने बसलेला. मेसन ड्रम्समागे एखाद्या निवृत्त बँक मॅनेजरसारखा. आणि वॉटर्स मात्र हसत होता. गिल्मर गात असतानाही तो माइकपासून दूर उभा राहून प्रत्येक शब्द ओठांनी म्हणत होता. लग्नाच्या वरातीत शिरलेल्या पोरासारखा.

पुढचं गाणं 'मनी'. नाणी खणखणली. मी सवयीने उजवा कान टीव्हीकडे केला. सॅक्सोफोन वाजवायला डिक पॅरी होता, १९७३ च्या रेकॉर्डवर वाजवलेलाच. बोटं आपोआप गुडघ्यावर रूपक धरायला लागली, आणि सोलो आल्यावर मीच मनात म्हणालो, झेपलं नाही बघ.

तिसऱ्या गाण्याआधी वॉटर्स थोडं बोलला. इतक्या वर्षांनी या तिघांबरोबर इथे उभं राहताना भरून येतंय, अशा अर्थाचं काहीतरी. आणि म्हणाला की आज जे इथे नाहीत त्यांच्यासाठी आम्ही हे वाजवतोय, विशेषतः सिडसाठी. सिड तेव्हा केंब्रिजला एका साध्या घरात बागकाम करत राहत होता. मग त्याच्याच आठवणीतलं 'विश यू वेअर हिअर'. शेवटी 'कम्फर्टेबली नम्ब', आणि गिल्मरचा तो सोलो. बोटं जाड झालेली, पण सूर जिथे लागायचा तिथेच लागला.

संपल्यावर गिल्मर आभार मानून निघालाच होता. वॉटर्सने त्याला हाताने बोलावलं. ये, ये. गिल्मर क्षणभर अवघडला. मग आला. चौघंही एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे राहिले. तो फोटो दुसऱ्या दिवशी सगळीकडे छापून आला.

मी रडलो वगैरे नाही. पण त्या क्षणी मला एक गोष्ट लख्ख दिसली आणि ती बिलकूल आवडली नाही. आयुष्यभर मी गिल्मरचा माणूस म्हणून मिरवलो होतो. पण आमच्या गोष्टीत मी गिल्मर नव्हतो. बाहेर पडणारा मी. संपलं म्हणणारा मी. नाव काढ म्हणणारा मी, नोटीस पाठवणाराही मीच. आणि पार्टनर, तो पक्का वॉटर्सवाला, तो बोर्ड तसाच ठेवून उरलेल्या पोरांना शिकवत बसला होता. छान आहे पण फ्लॉइड नाही, असं ज्याला तो म्हणाला होता नेमकं तेच दोन वर्षं एकट्याने करत.

साडेअकराला मोबाइल वाजला. अनोळखी भारतीय नंबर. मेसेजमध्ये एकच शब्द होता. रोमन अक्षरांत लिहिलेला, पण तो असा: "बघितलंस?"

भारतात पहाटेचे चार वाजले होते. नंतर कळलं, एओएल त्या दिवशी सगळं इंटरनेटवर दाखवत होतं, आणि रात्रपाळीत सुपरवायझरची नजर चुकवून त्याने स्क्रीनच्या कोपऱ्यात काड्यापेटीएवढ्या खिडकीत ते बघितलं होतं. आवाज कमी, एकच कान हेडसेटमध्ये, कारण दुसऱ्या कानाने कॉल घ्यायचे. माझा नंबर त्याने साताऱ्याला आईला फोन करून आदल्याच आठवड्यात घेतला होता. आईने मला सांगितलं नव्हतं.

मी काय उत्तर द्यावं याचा अर्धा तास विचार केला. शेवटी लिहिलं, "हो. राइट बारीक झालाय." यापेक्षा काही सुचलं नाही.

पाचव्या दिवशी, ७ जुलैला, लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि एका बसमध्ये बॉम्बस्फोट झाले. ५२ निरपराध माणसं गेली. माझा रोजचा रस्ता ऑल्डगेटच्या बाजूनेच होता. त्या दिवशी मी लवकर निघालो होतो एवढंच. दिवसभर फोन लागत नव्हते. संध्याकाळी पायी घरी येताना पहिला फोन लागला तो त्याचा. "आहेस ना?" "आहे." "बरं. ठेवतो, आईला कर." चार वर्षांनी ऐकलेला आवाज, आणि सगळं मिळून दहा सेकंद.

इकडे लाइव्ह एट झाल्यावर चर्चा सुरू झाली ती दौऱ्याची. त्यांच्या जुन्या आल्बमांचा खप एकदम वाढला, तेव्हा गिल्मरने जाहीर केलं की हा जादाचा नफा मी दान करतो, बाकीच्यांनीही करावा. दौऱ्यासाठी प्रचंड रकमा देऊ केल्याच्या बातम्या आल्या. वॉटर्स बऱ्यापैकी तयार दिसत होता. गिल्मर म्हणाला, नाही. जे झालं ते छान झालं, मनातली एक सल गेली, आता पुढे नाही.

चाहते चिडले. मीही चिडलो. मला ते हट्टी, आढ्यताखोर वाटलं. एवढी मिठी मारली ना, मग आता काय अडतंय? वीस गावांत वाजवा, आमच्या मुंबईत या, आमचं वय चाललंय. बघा, विचार सगळा आमचाच. त्या चौघांना एका बसमध्ये वर्षभर बसून काय वाटेल, हा प्रश्न आम्हाला पडलाच नाही.

जुलै २००६ मध्ये सिड गेला. मी त्या वर्षअखेरीस परत आलो. आणि १८ फेब्रुवारी २००७ ला, रविवारी, रॉजर वॉटर्स मुंबईत आला. वांद्रे-कुर्ला संकुलातलं एमएमआरडीएचं मैदान, अख्खा 'डार्क साइड' वाजवणार होता. मी दोन तिकिटं काढली आणि पार्टनरला फोन केला. तो म्हणाला, "गिल्मर नाहीये हं." मी म्हणालो, "चालेल."

कुर्ल्याला भेटलो. तो जाड झाला होता, मी टकलू. मैदानात धूळ होती, पोरं होती, आमच्यासारखे बरेच काका होते. आवाज चारी बाजूंनी येत होता. 'मनी' सुरू झालं आणि नाणी आमच्या डोक्यावरून डावीकडून उजवीकडे फिरली. आम्ही एकमेकांकडे बघितलं. दोघांनाही पूर्ण ऐकू आलं होतं, दोघांनीही ते एकाच वेळी ऐकलं होतं, आणि असं पहिल्यांदाच होत होतं. गिल्मरचे सोलो दुसरेच गिटारिस्ट वाजवत होते. अगदी बरहुकूम. पार्टनर कानाशी येऊन ओरडला, "छान आहे. पण फ्लॉइड नाही!"

नंतर गर्दीतून बाहेर पडून एका टपरीवर चहा घेतला. मी खिशातून पाकीट काढून त्याला दिलं. पंचेचाळीस हजारांचा चेक होता. त्याने तो उलटसुलट बघितला, नीट घडी केली आणि खिशात ठेवला. "व्याज?" एवढंच म्हणाला, आणि हसला. मला वाटलं होतं तो नको म्हणेल, मग मी आग्रह करीन, आणि डोळ्यांत पाणी वगैरे येईल. तसं काही झालं नाही. पैसे त्याचे होते, त्याने घेतले.

मग मला चेव आला. मी म्हणालो, आता माझ्याकडे थोडे पैसे आहेत, तुला शिकवता येतं, परत काहीतरी सुरू करू. ठाण्यातच. तेच नाव ठेवू. तो चहा संपवेपर्यंत काही बोलला नाही. मग म्हणाला, "नको रे. तू रूममेट चांगला होतास. पार्टनर म्हणून चांगला नव्हतास. आजची संध्याकाळ झाली ना? झालं तर."

लागलं. खोटं कशाला बोलू. परतीच्या लोकलमध्ये दारात उभा राहून मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होतो. डोंबिवली येईपर्यंत राग गेला आणि गिल्मर कळला. तो रुसलेला नव्हता. रुसलेला माणूस स्टेजवर येत नाही. तो आला, मनापासून वाजवलं, बोलावल्यावर खांद्यावर हात टाकला, आणि मग म्हणाला की मी परत त्या घरात राहायला येणार नाही. माफ करणं आणि परत एकत्र धंदा करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्हा चाहत्यांना दुसरी हवी होती, म्हणून आम्ही पहिलीला कमी लेखलं.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. सप्टेंबर २००८ मध्ये राइट गेला आणि चौघांचा प्रश्नच मिटला. २०११ च्या मे महिन्यात लंडनला वॉटर्सच्या 'वॉल'च्या एका प्रयोगात गिल्मर भिंतीवर उभा राहून तो सोलो वाजवून गेला, शेवटच्या गाण्याला मेसनही आला. वाटलं, बघा, वय झालं की माणसं निवळतात. पण २०२३ साली गिल्मरच्या बायकोने वॉटर्सवर जाहीर तोफ डागली आणि गिल्मरने तिच्या शब्दाशब्दाला दुजोरा दिला. भांडण आता गाण्यांचं नाही, राजकारणाचं आहे. निवळलं बिवळलं काही नाही. पण म्हणून हाइड पार्कातली ती रात्र खोटी होती असं मला वाटत नाही. ती त्या रात्रीपुरती खरी होती. तेवढं पुरतं, हे मला पटायला मात्र फार वेळ लागला.

पार्टनर आणि मी वर्षातून दोन-तीनदा बोलतो. त्याचा मुलगा आता कॉलेजात आहे, तबला शिकत नाही. भेटणं क्वचित. आमच्यात एक जागा अशी आहे की तिथे दोघंही जात नाही, आणि ती कुठे आहे हे दोघांनाही पक्कं ठाऊक आहे. त्यामुळे बाकी सगळीकडे बिनधास्त फिरता येतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये बातमी आली की फ्लॉइडने आपल्या रेकॉर्डिंगांचे आणि नाव वापरायचे हक्क सोनीला विकले, जवळपास ४० कोटी डॉलरला. सकाळी सात वाजता त्याचा मेसेज: "विकलं एकदाचं दुकान."

मी लिहिलं, "आपला बोर्ड कुठे आहे रे?"

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "माळ्यावर. काढायचाय का?"

मी लिहिलं, "नको. असू दे."